वाचून, समजून, स्वखुशीने

घाटकोपर,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मुलुंडच्या त्या जागेपासून भाजीबाजार तीनशे दहा पावलांवर आहे. ते चूक आहे. ती पावलं माझी होती, आणि चालायचं तुला आहे. उन्हाळ्यात अकोल्याच्या अंगणात खडूच्या रेघा मारून मी तुझं पाऊल मोजलं होतं, ते जेमतेम तेरा इंच भरलं. माझं दोन फूट. म्हणजे तुझ्या पायांनी बाजार पाचशे सत्तर पावलांवर आहे, आणि तुला तर नव्वद पावलांनंतर बसावं लागतं. आठवडाभर ही चूक मला टोचत होती. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुझा नियमच आहे की चूक झाली तर पुढच्या पत्राची पहिली ओळ तिची.

म्हणून काल पुन्हा गेले. या वेळी बसायच्या जागा मोजल्या. फाटकातून उजवीकडे वळलं की तुझ्या ऐंशी पावलांवर औषधाचं दुकान, तिथे बाहेर एक लोखंडी खुर्ची असते. पुढे चपलांच्या दुकानाची रुंद पायरी, दुकानदार कुणाला उठवत नाही. मग बँकेचा कट्टा. डावीकडे गेलीस तर बाग. रस्ता ओलांडायची वेळ एकदाच येते, तीही शाळा सुटायच्या आत गेलीस तर सोपी. दवाखाना, टपालपेटी, पिठाची गिरणी, वाचनालय, सगळं रिक्षाशिवाय. आत्या, मी घाटकोपरला, बोरिवलीला, अंधेरीला मिळून अकरा जागा पाहिल्या. तू एकटी बाहेर पडून एकटी परत येशील अशी ही पहिलीच.

जागा पहिल्या मजल्यावर आहे. चौदा पायऱ्या, कठडा डाव्या हाताला. एक खोली, स्वयंपाकघर, आणि बाल्कनी बंद करून केलेली अर्धी खोली, ती मला पुरेल. ओटा तुझ्या कोपराला येईल. न्हाणीचा उंबरा मात्र सहा इंचांचा आहे, तो फोडावा लागेल. कोपऱ्यावर भजीची गाडी लागते आणि वास थेट घरात येतो. दादू आजोबा असते तर त्यांनी खिडकी लावून घेतली असती. ते भजी का खात नसत, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

मालक देवव्रत म्हणून आहेत, पन्नाशीचे, अंधेरीला राहतात. बोलायला मऊ. जागा त्यांच्या वडिलांच्या नावावर होती, ते चार वर्षांपूर्वी गेले. आई यांच्याकडेच असते, त्यामुळे जागा रिकामीच आहे म्हणाले, फक्त सामान हलवायचं राहिलंय. दरवेळी मला साडेचारलाच बोलावतात.

कागद मी एकेक करून पाहिले. एक कमी निघाला. वारस दोघं, हे आणि यांची आई. मग आईचा हिस्सा यांना मिळाल्याचा कागद कुठे आहे, असं मी विचारलं. हक्कसोडपत्र, तेही नोंदवलेलं, नसेल तर आम्ही पुढे जाणार नाही असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, दोन आठवडे द्या. मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला, लपवत नाही. त्यांचा दलाल तर म्हणाला की असं खोदून विचारणारं गिऱ्हाईक त्याला दहा वर्षांत भेटलं नाही.

आणि सगळ्यात मोठी बातमी शेवटी लिहिते. त्यांनी माझं आधार कार्ड हातात घेऊन नाव-आडनाव स्वतः उतरवून घेतलं आणि काहीच विचारलं नाही. "मूळ गाव कोणतं" नाही, "तुम्ही नेमके कोण" नाही. बोरिवलीचा तो दलाल आठवतो ना, आडनाव ऐकल्यावर ज्याच्या मालकाचा विचार अर्ध्या तासात बदलला होता.

आई आणि प्रबुद्धदादा पुण्याला ठीक आहेत. गुडघ्याला तेल लाव. लावलंस असं नुसतं लिहू नकोस, लाव.

तुझ्या मायेत राहू दे,
नीलम


अकोला,
११ ऑक्टोबर २०२५

आयु. नीलमला,
अनेक मंगल कामना.

पत्र पोचलं. दुरुस्ती मान्य. माझं पाऊल आता बारा इंचांचं धर, पावसाळ्यात गुडघ्याने आणखी एक इंच खाल्ला. तेल लावते.

तू ओट्याची उंची लिहिलीस, उंबरा लिहिलास, पण खिडकीतून काय दिसतं ते लिहिलं नाहीस. घर बघायला गेली होतीस की पंचनामा करायला? तुला मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकवलं ते विजेच्या बिलावर, त्याचा हा परिणाम असावा. गोष्टीचं पुस्तक द्यायला हवं होतं.

आडनाव विचारलं नाही, हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. मग पत्र उशाखाली ठेवलं. नीलम, चौतीस वर्षं नोकरी केली, नऊ खोल्या बदलल्या. पहिल्या गावी मालकीण मी शाळेत गेल्यावर उंबरा धुऊन काढायची. स्वतःची पोरं मात्र माझ्याकडे शिकवणीला पाठवायची, तीही फुकट. दुसऱ्या गावी खोली दाखवली, किल्लीही दिली, आणि संध्याकाळी किल्ली परत मागायला मुलगा आला. इथे अकोल्यातही काही निराळं नाही, फक्त आता लोक हसून नाही म्हणतात. या घरमालकाने मार्चपर्यंत खोली सोडा म्हणून सांगितलं आहे. मी उत्तर दिलं नाही. उत्तर मुलुंडहून पाठवीन.

दारावरची पाटी पितळेची करायची. द्रौपदी, पुढे वडिलांचं नाव, पुढे आडनाव, मोठ्या अक्षरांत. रस्त्यावरून वाचता आली पाहिजे.

कागद मागितलास ते बरोबर केलंस. मागायलाच हवा होता. तो आला की आपल्या घरच्या रीतीने मोठ्याने वाच. तू एकटी असलीस तरी मोठ्याने. दादू कामाला होते त्या कापसाच्या जिनातली खोली कशी गेली ते तुला ठाऊक आहे. जिनाच्या मुनीमाने दादूंना पगारवाढीचा कागद म्हणून अंगठा करायला लावला आणि तो खोली सोडल्याचा निघाला. दोन दिवसांत आम्ही भांड्यांसकट रस्त्यावर. त्यानंतरच मला शाळेत घातलं, आणि त्यानंतरच नियम झाला की या घरात कागद आधी सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायचा, मग सही. वाचायचा तोही घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्याने, म्हणजे वाचणारा अडखळला की थांबता येतं. लहानपणी तू गॅसच्या पुस्तकावर अडखळली होतीस.

टोकन देऊन टाक. माझी वाट बघू नकोस.

शुभेच्छुक,
द्रौपदी


घाटकोपर,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आत्यास,
सविनय जय भीम.

दुरुस्ती. जागा रिकामी आहे असं मी लिहिलं होतं. ती रिकामी नाही.

क्रमाने सांगते. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी देवव्रतांनी हक्कसोडपत्राची प्रत पाठवली. नोंदणी गुरुवारी, सोळा तारखेला झालेली. मी खोलीचं दार लावून मोठ्याने वाचलं. कुठेच अडखळले नाही. वसुधा नावाच्या त्यांच्या आईने आपला अर्धा हिस्सा मुलाला सोडला आहे, "वाचून, समजून, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय". खाली सही, फोटो, अंगठा. सगळं व्यवस्थित. मी त्याच दिवशी टोकन दिलं.

काल सुट्टी होती म्हणून बागेपर्यंतची पावलं मोजायला गेले. या वेळी तुझ्यासारखी, बारा इंचांची टाकत. बागेतल्या तिसऱ्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. माझं चालणं बघून त्यांना वाटलं की मी महापालिकेची आहे आणि पदपथ मोजतेय. मी नाही म्हणाले नाही. मला माहिती हवी होती. त्यांनी भरभरून दिली. औषधवाल्याची खुर्ची दुपारी आत नेतात, तेव्हा बँकेचा कट्टा गाठायचा. चपलेवाल्याची पायरी सकाळी ओली असते. गिरणीत बुधवारी गर्दी नसते. रस्ता ओलांडताना उसाच्या रसवाल्याला नुसती काठी दाखवायची, तो स्वतः येऊन गाड्या थांबवतो. आत्या, तुझ्यासाठी मी दोन महिने जे शोधत होते ते सगळं त्या बाईंच्या पायांत होतं. त्यांनी मला संत्र्याच्या फोडीही दिल्या.

बेचाळीस वर्षं इथेच आहे म्हणाल्या. रोज साडेचारला येते, साडेपाचला परत. मग त्यांनी बोट करून घर दाखवलं. पहिला मजला, बंद केलेली बाल्कनी.

मी विचारलं, एकट्याच का. तर म्हणाल्या, मुलगा अंधेरीला असतो, पण काळजी फार करतो. आत्ताच दिवाळीच्या आधी रिक्षाने सरकारी कचेरीत घेऊन गेला होता. फोटो काढला, अंगठा घेतला, सही घेतली. चष्मा घरी राहिला होता, पण मुलगा बरोबर असल्यावर चष्मा कशाला. नंतर हॉटेलात नेऊन इडली खाऊ घातली, दोन प्लेट. वडील गेल्यापासून तो असा कधी बाहेर घेऊन गेला नव्हता. आणि मग त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते: "घर माझ्या नावावर झालं बघ आता. मुलगा म्हणाला, आई, आता तुला कुणी हलवू शकत नाही."

आत्या, तो कागद अस्तित्वातच नव्हता. मी मागितला म्हणून तो झाला. मी खोदून विचारलं नसतं, तर त्या बाईंचा अर्धा हिस्सा आजही त्यांचाच असता आणि हा व्यवहार कुठेतरी अडकून राहिला असता. मी जायचे तेव्हा साडेचारच का, हेही आता कळलं. ओट्यावर उपडा घातलेला एकच कप मी प्रत्येक खेपेला पाहिला होता. ओलं फडकंही पाहिलं होतं. पंचनाम्यात लिहिलं नाही.

काय करू ते कळव. मी अजून कुणाला काही बोललेले नाही.

तुझी,
नीलम


अकोला,
१ नोव्हेंबर २०२५

आयु. नीलमला,
मंगल कामना.

पत्र वाचलं. उत्तर द्यायला तीन दिवस लावले, कारण पहिल्या दिवशी लिहिलेलं फाडलं.

तू काही चूक केली नाहीस. खरेदी करणाऱ्याने पुरा कागद मागायचाच असतो. मागितलेला कागद कसा मिळवला ते मिळवणाऱ्याचं पाप. मुलगा त्यांचा, आई त्यांची, सही त्यांची. त्या शिकलेल्या बाई आहेत, अंगठ्याबरोबर सहीही केली ना? मग वाचायचं होतं. चष्मा घरी राहिला होता तर परत जाऊन आणायचा होता. दादूंना वाचताच येत नव्हतं. ह्यांना येत होतं.

तुला वाटेल आत्या किती कठोर. वाटू दे. नऊ वेळा मी सामान बांधलं, तेव्हा कुणा मुलीने बाकावर बसून माझ्यासाठी पत्र लिहिलं नाही. आपण मागे हटलो तर तो काय आईला मिठी मारणार आहे? दुसरं गिऱ्हाईक आणील, महिनाभरात. ते गिऱ्हाईक बागेत पावलं मोजणार नाही, एवढाच फरक. घर त्यांचं जाणारच आहे. प्रश्न इतकाच की ते कुणाला मिळतं. एकदा आपल्याला मिळू दे की. एकदाच.

मी इथल्या पाटीवाल्याकडे अक्षरं लिहून दिली आहेत. पितळेचीच.

बागेत पुन्हा जाऊ नकोस.

शुभेच्छुक,
द्रौपदी


घाटकोपर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आत्यास,
सविनय जय भीम.

दुरुस्ती आहे, आणि ती करताना मला लाज वाटते. मी लिहिलं होतं की वसुधाबाईंनी मला संत्र्याच्या फोडी दिल्या. तेवढंच खरं नाही. पहिली फोड त्यांनी माझ्या हातात दिली. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग बाकीच्या फोडी त्यांनी रुमालावर ठेवून, रुमाल बाकावर माझ्या बाजूला सरकवला आणि घे म्हणाल्या. पाण्याची बाटली उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली. बोलणं तितकंच गोड चालू राहिलं. रस्ता ओलांडायचं, गिरणीचं, इडलीचं सगळं त्यानंतरच सांगितलं. मी त्या फोडी खाल्ल्या. तेही लिहून टाकते.

हे मी तुला कळवलं नाही, कारण कळलं असतं तर तू म्हणाली असतीस की त्या बाईचा विचार सोड, आणि मला ते पटलं असतं. तू पूर्ण माहिती नसताना मत दिलंस. आता पूर्ण माहिती आहे.

तू नको म्हटलंस म्हणून बागेत गेले नाही, पण मंगळवारी देवव्रतांना भेटले. माझ्या ऑफिसजवळच, अंधेरीला, चहाच्या टपरीवर. आईंना विक्रीचं ठाऊक आहे का, असं सरळ विचारलं. ते भडकले नाहीत. म्हणाले, आईने दोनदा गॅस चालू ठेवला, एकदा शेजाऱ्यांनी दार फोडलं. तिला एकटं ठेवायची भीती वाटते. त्यांच्या घरात दोन खोल्या, मुलगी बारावीला. कर्जतच्या बाजूला एक वृद्धाश्रम बघितलाय, मोकळी हवा आहे, एक डिसेंबरपासून नाव घातलंय. सांगणार होतो, पण आधी सांगितलं तर ती रोज रडेल, म्हणून गाडीत बसल्यावर सांगू. यातलं गॅसचं खरंही असेल. ते बोलताना डोळे पुसत होते, तेही मी पाहिलं.

मी म्हटलं, मग कागदावर सही घेताना तिला खोटं का सांगितलंत. तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कागद तुम्हीच मागितलात ना, मॅडम? मला तर सुचलंही नव्हतं."

त्यानंतर त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. खरेदीच्या नोंदणीची वेळ घेतली आहे, शुक्रवारी, एकवीस तारखेला, सकाळी साडेअकराला. जाता जाता म्हणाले की त्यांच्या सोसायटीत आमच्यासारख्यांना जागा देणारे फार नाहीत. आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी वाचलं होतं, पण त्यांना घाई होती आणि जागा हातची जाऊ नये म्हणून मी कुणाकडे बोलणार नाही असं वाटलं होतं.

म्हणजे आत्या, आडनाव विचारलं नाही ते यासाठी. तुझ्या उशाखालचं वाक्य मला खोडावं लागतंय.

मला त्या बाईंना तो कागद वाचून दाखवायचा आहे. तू परवानगी देशील का? घर तुझं आहे, म्हणून विचारते.

तुझी,
नीलम


अकोला,
१३ नोव्हेंबर २०२५

नीलम,

मंगल कामना वगैरे आज लिहवत नाहीत.

एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी असं म्हणायला नको की आत्याने समजूतदारपणे सोडून दिलं. मला ते घर हवं आहे. त्या माणसाने आडनाव वाचून गप्प बसणं पसंत केलं, त्याच्या लबाडीसाठी का होईना. मला तेही चालतं. चांगल्या मनाने मला आजवर कुणी घर दिलेलं नाही, लबाडीने मिळत असेल तर लबाडीने. मला चपलेवाल्याच्या पायरीवर बसायचं आहे. रसवाल्याला काठी दाखवायची आहे. मार्चमध्ये मी कुठे जाईन ते तुलाही माहीत नाही आणि मलाही.

आणि ते कुणासाठी सोडायचं, तर जिने तुला रुमालावर फोडी दिल्या तिच्यासाठी. तिला वाचून दाखवलंस तर ती तुझे पाय धरील असं वाटतं का तुला? ती म्हणेल, माझा मुलगा असा नाही, या पोरीनेच काहीतरी केलंय. आणि तुझं आडनाव ती पुरावा म्हणून सांगेल.

आता तू विचारलं होतंस ते. दादू भजी का खात नसत. कागदावर अंगठा घेतल्यावर मुनीम त्यांना जिनाच्या फाटकासमोरच्या हॉटेलात घेऊन गेला. कधी शेजारी उभं करत नव्हता, त्या दिवशी समोर बसवलं. भजी मागवली, दोन प्लेट. दादूंनी एक प्लेट खाल्ली आणि दुसरी कागदात बांधून आमच्यासाठी घरी आणली. मी आठ वर्षांची होते. आम्ही भावंडांनी ती भांडून खाल्ली. दादू सांगत होते की आज मालकांनी मान दिला. पुढे जन्मभर त्यांना खोलीचं इतकं लागलं नाही, जितकं ते आनंदाने पुडी घेऊन आले त्याचं लागलं. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या वडिलांनाही नाही. त्यांना आठवत नव्हतं, तेवढे ते लहान होते.

तुझ्या पत्रातल्या त्या दोन प्लेट इडलीवर मी थांबले होते. म्हणून पहिलं उत्तर फाडलं.

काय करायचं ते मला विचारू नकोस. विचारलंस तर मी नको म्हणेन, आणि तुला मी मोठ्यांचं ऐकायला शिकवलं आहे. ते तेवढं माझं चुकलं.

द्रौपदी


घाटकोपर,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आत्यास,
सविनय जय भीम.

दुरुस्ती. मागच्या पत्रात मी तुझी परवानगी मागितली. ती मागायला नको होती. तुझं घर तुझ्याच हाताने मोडून घ्यायचं आणि आपण नामानिराळं राहायचं, असा त्याचा अर्थ होत होता. ते मोडते आहे ती मी. तू हवं म्हटलं होतंस, ते तुझ्या तारखेनिशी माझ्याकडे आहे आणि मी ते जपून ठेवीन.

तू लिहिलंस तसंच होईल कदाचित. वसुधाबाई मुलाचीच बाजू घेतील. मी जरा जवळ सरकून बसले तर त्या लांब सरकतील. मला त्या आवडत नाहीत, आत्या. हे मी आठवडाभर तपासून पाहिलं. त्या रुमालाची आठवण आली की अजून तोंड कडू होतं. त्यांच्यावर उपकार करावा असं मला अजिबात वाटत नाही. पण कागद मी मागितला होता, आणि आपल्या घरात कागद वाचल्याशिवाय सही होत नाही. सही त्यांची झाली, वाचायचं राहिलं. ते काम सगळ्यात लहान वाचणाऱ्याचं असतं, असं तूच लिहिलंस. या व्यवहारात ती मीच आहे.

देवव्रतांना आधी कळवावं, तेच न्याय्य, असं दोन दिवस वाटत होतं. तसं पत्रही लिहिलं होतं. मग लक्षात आलं की मागच्या खेपेला माझ्या सरळपणाचं त्यांनी काय केलं. या वेळी कळवणार नाही. हे बरोबर की चूक, ते ठाऊक नाही. चूक असेल तर पुढच्या पत्राची पहिली ओळ तिची.

ऑफिसातल्या अनुपमाकडून, जिचा नवरा वकील आहे, मी एवढं विचारून ठेवलंय की फसवून घेतलेली सही दाद मागून रद्द करता येते का. येते, पण वेळ लागतो आणि दाद मागणाऱ्या वसुधाबाई स्वतःच हव्यात. वकिलाचा नंबर मी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून घेतलाय. त्यांनी तो फाडला तर फाडला. टोकन माझ्या बचतीतलं होतं, ते गेलं असं धरलंय. शुक्रवारी मी नोंदणीला जाणार नाही.

मार्चचं मला काही सुचलेलं नाही. खोटं सांगत नाही. माझ्या या खोलीत दुसरी खाट बसते, हे मी मोजून पाहिलं. पण इथे फाटकापासून बाजार तुझ्या पायांनी सतराशे पावलांवर आहे आणि मध्ये बसायला एकही जागा नाही. बारावी जागा शोधायला सुरुवात करीन. आडनाव पहिल्या फोनवरच सांगेन, म्हणजे कुणी गप्प राहिलं तर ते का गप्प आहे हे विचारायची वेळ येणार नाही. पाटी मात्र परत करू नकोस.

हे पत्र उद्या टपालात टाकते. तुला बुधवारी मिळेल, नाहीतर गुरुवारी. म्हणजे तू वाचशील तेव्हा ते झालेलं असेल किंवा होत असेल. मुद्दामच तसं केलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. चष्म्याचं विचारीन, नसेल तर त्यांना घरून आणायला लावीन आणि थांबेन. आणला नाही तरी वाचीन, सावकाश, पहिल्या ओळीपासून फोटोखालच्या अंगठ्यापर्यंत. "स्वखुशीने" या शब्दावर मी अडखळेन असं वाटतं, आणि अडखळले तर थांबेन, म्हणजे त्यांना विचारता येईल.

संत्री मी घेऊन जाणार आहे. सोलून त्यांच्यापुढे ठेवीन, घ्यायच्या की नाही ते त्यांनी ठरवावं.

रागावलीस तरी पत्र लिही,
तुझी नीलम

ता. क. दिवस नीट लिहायचा राहिला: बुधवार, १९ नोव्हेंबर, दुपारी साडेचार, बागेतला तिसरा बाक.